दोन बोटं माया

गावाची मापं माझ्या वहीत आहेत.
लोमटे वकिलांचं पोट कोणत्या साली सुटलं,
डोईफोडे गुरुजींचा डावा खांदा कधी उतरला,
भरतीला निघालेल्या कोणत्या पोरानं
छाती फुगवून मला एक इंच फसवलं,
सगळं पेन्सिलीनं, तारखेसकट.
माझं माप तेवढं तिथं नाही.
शिंप्याची टेप गळ्यात असते, कमरेला नसते.

ते घेतलं दवाखान्यातल्या एका पोरसवद्या डॉक्टरणीनं.
साखर दोनशे ऐंशी. "काका, रोज चालत जा."
कुठं जाऊ? मे महिन्यात अंबाजोगाईला
सकाळी आठलाच डांबर चप्पल धरतं,
आणि रात्री मंडी बाजार कुत्र्यांच्या नावावर असतो.

मग प्रणितानं पुण्याहून खोकं पाठवलं.
जावयाचा जुना गेम, वायरी, हातात धरायच्या दोन दांड्या,
एक पांढरा पाट,
आणि चिठ्ठी: पप्पा, मशीन सरकवा, टीव्हीसमोर उभे राहा.

मशीन सरकवली.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.
फरशीवर चार पायांचे चार डाग निघाले,
सात-आठ बॉबिनी, खडूचे तुकडे,
आणि एक चांदीचं बटण.
सोळंक्यांच्या सुनेला मी म्हणालो होतो,
"बाई, तुमच्याच घरी पडलं असेल."

लग्नानंतर पहिल्यांदाच पाटावर उभा राहिलो.
पडद्यावर एक बाहुला आला. म्हणे, तो मी.
हात नाहीत, नुसत्या मुठी हवेत,
आणि शर्टाला कुठंच शिवण नाही.
बघवेना.
असलं काम मी शिकाऊ पोराकडूनसुद्धा घेतलं नसतं.

पाट म्हणाला, शरीराचं वय अडुसष्ट.
मी चोपन्नचा.
म्हणाला, भार सगळा उजवीकडं पडतोय.
पडणारच. उजव्या पायानं तर घर चालवलं.
खांद्यात कापूस भरून भरून मी
अख्ख्या तालुक्याचे नवरदेव सरळ केलेत,
या पाटाला कापूस चालत नाही.

पहिल्या रात्री बॉक्सिंग. दोन मिनिटं.
मग फरशीवर आडवा, छातीत मशीन चालू.
भिंतीपलीकडून आवाज आला,
"काय करायलाव ओ? भांडणं लागली का?"
"बॉक्सिंग खेळायलेत," सत्यशीला म्हणाली,
"झोपलेत" म्हणावं तशी.

हरलो तरी पडदा म्हणतो, गुड जॉब.
हे मला सोसत नाही.
गिऱ्हाईक आरशात मागून पुढून बघतं,
आणि एवढंच म्हणतं, काखेत जरा धरतंय.
त्या 'जरा'वर मी आयुष्य काढलं.
पडद्याला म्हणालो, बाबा, चूक सांग, चूक.

श्रावण लागेपर्यंत पँट घसरायला लागली.
उसवली. आत घेतली.
वडिलांनी शिकवलं होतं, बेतताना
आत दोन बोटं माया सोडावी, माणूस वाढतो.
माणूस कमीही होतो, हे त्यांनी सांगितलं नाही,
त्यांना कोणी कमी होऊन दाखवलं नसेल.
माया मी कापली नाही.
पुढं लग्नसराई आहे, जिलेबी आहे,
माझा मला भरवसा नाही.

वहीत शेवटच्या पानावर लिहिलं:
स्वतः. कंबर अडतीस. तारीख.
त्याखाली, सोळंक्यांची सून, बटण देणे.
ते अजून दिलेलं नाही.

काल टेनिस चालू असताना लाईट गेली.
चेंडू पलीकडून निघालेला होता.
पडदा काळा, पंखा मंदावत थांबला,
तरी अंधारात मी हात मारलाच.
दोरीवरचा कुणाचा तरी सफारी खाली आला.
"गेला का बाहेर?" स्वयंपाकघरातून सत्यशीला.
"नाही," म्हणलं, "तुझ्याकडं आलाय."

पोळपाटावरचं लाटणं थांबलं.
जरा वेळ काहीच नाही.
मग तिकडं बांगड्या जोरात वाजल्या,
आणि मी पाय रोवून उभा राहिलो.